एअरबस एच१२५: डोंगरात काम करणाऱ्या छोट्या कंपनीसाठी कसे आहे?

दोन-तीन हेलिकॉप्टर, चार-पाच वैमानिक, मूठभर तंत्रज्ञ आणि रस्ता जिथे संपतो तिथून सुरू होणारे काम. अशा कंपनीने एकच मॉडेल निवडायचे असेल, तर आमचे मत एच१२५च्या बाजूने आहे. पण हे मशीन ज्या गुणासाठी घ्यायचे, तोच गुण छोट्या कंपन्या सर्वात आधी उधळतात. एच१२५ची खरी किंमत तिच्या शिल्लक ताकदीत आहे. ती शिल्लक रोज एक प्रवासी जास्त बसवण्यात खर्च केली, तर महागडे मशीन घेऊनही स्वस्त मशीनइतकीच सुरक्षितता पदरात पडते.

एच१२५ हे नाव २०१५च्या सुमाराला आले. हँगरमध्ये अजूनही लोक ‘बी-थ्री’ म्हणतात, कारण हे एएस३५० एक्युरॉय घराण्यातले बी३ई मॉडेल आहे. घराण्याचे पहिले उड्डाण जून १९७४चे, म्हणजे मूळ आराखडा पन्नाशी ओलांडलेला. तीन पात्यांचा १०.६९ मीटर व्यासाचा मुख्य रोटर, शेपटीवर दोन पात्यांचा टेल रोटर, चाकांऐवजी उतरण्याच्या नळ्या म्हणजे स्किड, आणि एकच इंजिन: साफ्रानचे आरिएल २डी, टेकऑफची ताकद ८४७ अश्वशक्ती. टाकीत ५४० लिटर इंधन मावते. आतल्या वजनासह कमाल वजन मुळात २,२५० किलो. दुहेरी हायड्रॉलिक (वैमानिकाच्या हाता-पायाला तेलाच्या दाबाची मदत देणारी व्यवस्था) असलेल्या मशीनला २,३७० किलोपर्यंत मंजुरी मिळते. पोटाखालच्या हुकवर ओझे असेल तर एकूण २,८०० किलो, पैकी हुकवर जास्तीत जास्त १,४०० किलो.

१४ मे २००५ रोजी दिदिए देलसाल यांनी याच घराण्यातले बी३ एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४८ मीटरवर टेकवले. जाहिरातीत हे नेहमी येते, आणि कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. पण ते मशीन सीटा वगैरे काढून सुमारे १२० किलोने हलके केले होते, आत एकटा कसलेला चाचणी वैमानिक होता आणि योग्य हवेची वाट पाहिली होती. त्यावरून ‘आपले मशीन पाच माणसे घेऊन कुठेही उतरेल’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना परफॉर्मन्सचे तक्ते पुन्हा वाचायला बसवावे.

ताकदीचा हिशेब

डोंगरातला सगळा धंदा घनता-उंचीवर, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे मशीनला जाणवणाऱ्या उंचीवर चालतो. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण २ अंशांची घट धरतात. म्हणजे १०,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५. त्या जागी दुपारी २० अंश असतील, तर फरक २५ अंशांचा. दर अंशाला अंदाजे १२० फूट धरले की ३,००० फूट वाढतात आणि रोटरला व इंजिनाला ती जागा १३,००० फुटांची वाटते. सकाळी ज्या हेलिपॅडवरून आरामात निघालो, तेच हेलिपॅड दुपारी वेगळे असते.

आता वजन. समजा हुक, आरसे, रेडिओसकट रिकामे मशीन १,३२० किलो आणि वैमानिक सामानासह ८५. काम ४० मिनिटांचे, राखीव ३० मिनिटांचे. हे इंजिन तासाला सुमारे १८० लिटर पिते, म्हणजे ७० मिनिटांना २१० लिटर. जेट इंधन लिटरला ०.८ किलो धरून ते १६८ किलो झाले. एकूण १,५७३. जमिनीच्या आधाराशिवाय (खालच्या जमिनीमुळे रोटरला मिळणारी मदत न धरता) होव्हर करण्याचा, म्हणजे हवेत एका जागी थांबण्याचा, त्या जागेचा, त्या तापमानाचा तक्ता २,०५० किलो देत असेल, तर उरतात ४७७. त्यातले १०० किलो सरळ बाजूला ठेवावेत; हा कंपनीचा नियम असावा, वैमानिकाची मर्जी नव्हे. उरले ३७७, म्हणजे थोडक्या सामानासह चार प्रवासी. दुपारी तक्ता १,९५० वर आला की तीनच. आणि सकाळी टाकी ‘असू दे’ म्हणून काठोकाठ भरली असेल, तर २६४ किलो जादा इंधन, जवळपास तीन माणसांचे वजन, विनाकारण वर चढवले जाते. इंधन लिटरमध्ये नव्हे, त्या फेरीपुरते किलोमध्ये भरायची सवय लागली की निम्मे काम झाले.

तक्ता वाचताना एक चूक फार दिसते. जमिनीलगत, म्हणजे जमिनीच्या आधारासह होव्हरचा आकडा घेऊन लोक वजन ठरवतात. कड्याच्या टोकावर, उतारावर, उंच गवतावर किंवा भुसभुशीत बर्फावर तो आधार मिळतोच असे नाही. डोंगरात नेहमी आधाराविना होव्हरचाच आकडा धरावा. पुढे, तक्ते शांत हवेचे आणि धड इंजिनाचे असतात. इंजिन किती धड आहे हे पाहायला मशीनच्या व्हीईएमडी या पडद्यावरच ताकद तपासणीची सोय आहे. स्थिर उड्डाणात काही क्षणांत ती टॉर्क (रोटर फिरवणारा पीळ) आणि तापमानाची शिल्लक दाखवते. हे आकडे रोज वहीत उतरवले की आठवड्यागणिक होणारी घसरण दिसते. एकेकटा आकडा फारसे काही सांगत नाही.

वैमानिकासमोर इंजिनाच्या तीन मर्यादा असतात: टॉर्क, गॅस जनरेटरचा (इंजिनाच्या आतल्या फिरत्या भागाचा) वेग आणि गॅसचे तापमान. एच१२५मध्ये या तिन्हींपैकी जी आधी संपणार ती एकाच काट्यावर दिसते. कल्पना साधी, पण डोंगरात अमूल्य, कारण नजर बाहेर राहते. खाली, थंड हवेत टॉर्क आधी भरतो, म्हणजे गिअरबॉक्स अडवतो, इंजिन नाही. वर गेल्यावर चित्र उलटते. टॉर्क बाकी असतो आणि वेग किंवा तापमान संपते. नव्या वैमानिकाला हा बदल कुठल्या उंचीला होतो ते मशीनवर बसवून दाखवले पाहिजे. काटा मर्यादेला असताना जोर ओढतच राहिले, तर रोटरचे फेरे कमी होतात, त्याबरोबर टेल रोटरचेही, आणि मशीन नाक फिरवायला लागते.

हुकचे काम

इथे एच१२५ला तोड नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. सिमेंट, खांब, पाण्याच्या टाक्या, टॉवरचे भाग, सगळे लाँग लाइनवर, म्हणजे हुकला टांगलेल्या लांब दोरीवर, अचूक ठेवता येते. बाजूच्या खिडकीतून खाली दिसते, मशीन हाताला हलके आहे, आणि ओझे सोडल्यावर चढाई दांडगी आहे. झुलता हुक आणि वजन दाखवणारा लोड सेल दोन्ही घ्यावेत. लोड सेलवर काटकसर करू नये: खालचा माणूस ‘सहाशे असेल’ म्हणतो आणि भिजलेले लाकूड आठशे भरते. दोरीचे वजन, शॅकल, जाळे हेही ओझ्यातच धरायचे. रिकामी दोरी वेगात घेऊन उडू नये, ती मागे उडून टेल रोटरपर्यंत पोचू शकते. तळाला पुरेसे वजन हवे.

हुकच्या कामाचा एक छुपा खर्च आहे. गिअरबॉक्सच्या काही भागांचे आयुष्य तासांत नव्हे, टॉर्क सायकलमध्ये मोजतात. प्रत्येक लँडिंग ही एक सायकल, आणि ओझे उचलून सोडणे हीसुद्धा एक. तासाला वीस फेऱ्या मारणारे मशीन प्रवासी नेणाऱ्या मशीनपेक्षा किती तरी लवकर या मर्यादेला पोचते. इंजिनाच्या सायकली वेगळ्या, त्या व्हीईएमडी मोजते. पण उचललेली ओझी वैमानिकानेच लिहायची असतात. संध्याकाळी आठवून लिहिलेला आकडा चालत नाही. खालच्या माणसाकडे साधा हातातला काउंटर द्यावा. दर ठरवताना तासाच्या भावात हा सायकलींचा खर्च धरला नाही, तर पैसे मिळतायत असे वाटत असतानाच कंपनी गिअरबॉक्स खात असते.

हाताळणी, आणि जिथे माणसे फसतात

या मशीनचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. अमेरिकन मशीनवरून आलेल्या वैमानिकाचे पाय उलटे शिकलेले असतात. इथे ताकद वाढवली की उजवा पाय लागतो. हळू वेगात, उंचावर, उजवीकडून वारा असताना नाक अचानक डावीकडे पळू लागते. तेव्हा उपाय एकच: उजवा पेडल पूर्ण, लगेच, आणि फिरणे थांबेपर्यंत धरून ठेवायचा. बरेच जण अर्धा पेडल देतात, परिणाम दिसत नाही म्हणून सोडतात, आणि मग टेल रोटर ‘निकामी झाला’ असे समजून भलतेच करतात. टेल रोटर बहुतेक वेळा चालूच असतो. म्हणून ताकदीच्या टोकावर असताना डावीकडे वळत होव्हर करणे टाळावे, हे कंपनीच्या मॅन्युअलात लिहूनच ठेवावे.

दुसरी गोष्ट सर्वो ट्रान्सपरन्सी. एकेरी हायड्रॉलिकच्या मशीनमध्ये वेग, वजन, उंची आणि वळणाचा जोर एकत्र आले की रोटरचा उलटा दाब हायड्रॉलिक जॅकच्या ताकदीपेक्षा वाढतो. स्टिक जड होते, मशीन स्वतःहून उजवीकडे कलते आणि नाक वर उचलते, कलेक्टिव्ह (ताकद कमी-जास्त करणारा दांडा) खाली जाऊ पाहतो. घाबरून स्टिकशी कुस्ती खेळू नये. वळणाचा जोर सोडायचा, कलेक्टिव्ह जिकडे जातोय तिकडे जाऊ द्यायचा, काही क्षणांत ती स्थिती आपोआप निवळते. पण जमिनीजवळ हे काही क्षण नसतात. दरीतून खाली वेगात येऊन उजवीकडे कचकन वळणे हा याचा हमखास रस्ता आहे. त्यात मशीनचा दोष कमी आणि उडवण्याच्या पद्धतीचा जास्त, असे आम्ही म्हणू. तरीही विकणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

दुहेरी हायड्रॉलिक घ्यावे का? परवडत असेल तर घ्यावे. मात्र त्याचीही एक बोच आहे. ३ जुलै २०१५ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रिस्को इथे दुहेरी हायड्रॉलिकचे बी३ई टेल रोटरची हायड्रॉलिक मदत नसताना उडाले, गरगर फिरत कोसळले आणि पेटले. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत बंद केलेली मदत पुन्हा चालू झालेली नव्हती आणि तसे ठळकपणे सांगणारा इशाराही नव्हता. त्यानंतर ती चाचणी उड्डाणापूर्वी न करता रोटर थांबल्यावर करण्याचा बदल आला. जुन्या छापील चेकलिस्ट अजून कुठे कुठे फिरतात. मशीन घेतल्या दिवशी त्या गोळा करून फाडाव्यात. उचलण्याआधी पेडल हाताला, म्हणजे पायाला, मऊ लागतात ना एवढे पाहिले तरी हा प्रकार जमिनीवरच कळतो. त्याच अपघाताने दुसरा मुद्दा पुढे आणला: धडकेत न फुटणारी इंधन टाकी. नव्या मशीनमध्ये ती येते. जुने बी३ घेताना ती बसवलेली नसेल, तर तो खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत. यात तडजोड नाही.

देखभाल

रोटरचे डोके स्टारफ्लेक्स पद्धतीचे, काचतंतूंच्या तारकेचे. बिजागऱ्या नाहीत, वंगणाची कटकट कमी. पण रोज शिडी लावून वर चढावेच लागते. तारकेच्या हातांच्या टोकांवरील बुश आणि त्याभोवतीचा चिकट थर पाहायचा: भेग, पांढरट डाग, थर सुटलेला. रबर-धातूच्या थरांच्या बेअरिंगमधून रबराचे कण गळतायत का, फुगवटा आलाय का, हे बोट फिरवून बघायचे. थंडीत हे रबर कडक होते, म्हणून सुरुवातीला थरथर जास्त जाणवते आणि गरम झाल्यावर कमी होते. कमी झाली नाही, तर उडू नये. टेल रोटरच्या पात्यांचे मूळ, पिच लिंकचा (पात्याचा कोन बदलणाऱ्या दांड्याचा) ढिलेपणा, टेल ड्राइव्ह शाफ्टची बेअरिंगे या तीन जागी घाई करणारा तंत्रज्ञ ठेवूच नये. स्किडच्या मागच्या टोकाला खाली वळलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्या ग्राउंड रेझोनन्सविरुद्ध, म्हणजे जमिनीवर असताना वाढत जाणाऱ्या धोकादायक थरथरीविरुद्ध, आहेत. दगडांवर उतरून त्या झिजतात, तुटतात, आणि लोक ‘नुसती पट्टी’ म्हणून सोडून देतात. तसे करू नये.

इंजिन पाच मॉड्यूलचे आहे, ही छोट्या कंपनीसाठी मोठी सोय. बिघाड एका मॉड्यूलमध्ये असेल तर तेवढाच भाग बदलून मशीन पुन्हा उभे राहते. इंधन नियंत्रण दुहेरी वाहिनीच्या संगणकाचे, शिवाय वेगळी तिसरी राखीव व्यवस्था. धुळीच्या हेलिपॅडवर काम असेल तर हवेचा गाळक लावावा. तो थोडी ताकद खातो, पण कॉम्प्रेसरची पाती खाल्ली जाण्यापेक्षा ते बरे. कॉम्प्रेसर धुण्याचे वेळापत्रक तासांवर नव्हे, धुळीवर ठरवावे.

थंडीत खरी परीक्षा बॅटरीची. रात्री उणे तापमान असेल तर बॅटरी काढून उबेत ठेवावी. कमजोर बॅटरीने सुरू करताना इंजिनाचा वेग संथ चढतो आणि तापमान झपाट्याने. रात्रभर उभे राहिलेल्या मशीनच्या हवेच्या तोंडात, आच्छादनाखालीसुद्धा, बारीक बर्फ साठतो. तो हाताने तपासून काढला नाही, तर सुरू झाल्यावर एकदम आत जातो आणि इंजिन विझते. बर्फ साचणाऱ्या ढगात उडायला या मशीनला मंजुरी नाही. ‘जरासेच आहे’ हा शब्द कंपनीत चालू देऊ नये. ठराविक तापमानाखाली इंधनात गोठणविरोधी द्रव घालावा लागतो, त्याचे प्रमाण मॅन्युअलप्रमाणे मोजून.

दूरच्या तळावर इंधन २०० लिटरच्या पिंपातूनच येते. पिंपे आडवी ठेवावीत, दोन्ही बूच इंधनाखाली राहतील अशी, म्हणजे पाणी आत ओढले जात नाही. वापरायच्या आधी उभी करून गाळ बसू द्यावा, उपशाची नळी तळापासून वर ठेवावी, पाणी अडवणारा गाळक लावावा आणि प्रत्येक पिंपाची पाण्यासाठी चाचणी घ्यावी. अर्धवट उघडलेले पिंप दुसऱ्या दिवशी वापरू नये.

आतली जागा

वैमानिकासह सहा-सात जण बसतात, पण डोंगरात ती संख्या कागदावरची. केबिनची जमीन सपाट आहे, सीट काढल्या की स्ट्रेचर किंवा पोती सहज मावतात. सरकता दरवाजा घ्यावा. अर्ध्या टेकलेल्या स्किडवर माणसे उतरवताना फार उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंचे आणि मागचा असे तीन सामान-कप्पे मिळून साधारण एक घनमीटर. मागचा कप्पा टेल रोटरच्या बाजूला उघडतो, म्हणून रोटर चालू असताना तिथे फक्त प्रशिक्षित माणूस जाईल. आणि उतारावर उतरल्यावर प्रवासी नेहमी खालच्या बाजूनेच ये-जा करतील. वरच्या बाजूला पात्याचे टोक डोक्याच्या उंचीला येते. आवाज बराच आहे, हेडसेट सगळ्यांना द्यावेत.

कंपनीच्या दृष्टीने

एका मशीनवर कंपनी चालवणे शक्य असते, पण ते मशीन मोठ्या तपासणीला गेले की उत्पन्न शून्य आणि पगार चालू. त्यामुळे एकतर दोन मशीन, किंवा तपासणी मंदीच्या मोसमात येईल असे तास आखणे. मोसम सुरू होण्याआधी सहा महिन्यांचा तक्ता मांडून कोणता भाग किती तासांवर, सायकलींवर वा तारखेला संपतो ते पाहावे. तळावर ठेवायचे सुटे भाग: स्टार्टर-जनरेटर, पिच लिंक, रोटरच्या डोक्यातले डॅम्पर, टेल रोटरच्या पात्यांचा संच, हायड्रॉलिक पंपाचा पट्टा, गाळक, सील, आणि स्किडच्या त्या पट्ट्या. हे मॉडेल जगभर उडत असल्याने भाग व जाणकार तंत्रज्ञ मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा बरी, हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. तरी मुख्य गिअरबॉक्स दुरुस्तीला गेला की महिने जातात. भाड्याने बदली मिळेल असा करार आधीच करून ठेवावा.

प्रत्येक उड्डाण तासाला इंजिन, गिअरबॉक्स आणि ठराविक आयुष्याच्या भागांसाठी रक्कम वेगळ्या खात्यात पडली पाहिजे. छोट्या कंपन्या बहुधा इथेच बुडतात: मोसमात खाते भरलेले दिसते, त्यातून दुसरे मशीन घेतले जाते, आणि इंजिनाची वेळ येते तेव्हा हाती काही नसते. एकाच इंजिनाच्या मशीनला प्रवासी वाहतुकीवर काही देशांत भूभागानुसार निर्बंध असतात, ते परवाना काढण्याआधीच तपासावे.

पर्याय म्हणून बेल ४०७चा विचार होतो. आत आरामशीर, गुळगुळीत उडणारे, खालच्या उंचीवर प्रवासी नेण्यासाठी छान. पण उंचावरच्या हुकच्या कामात आम्ही एच१२५च निवडू. रॉबिन्सन आर६६ चालवायला स्वस्त, पण कमाल वजन १,२२५ किलो, त्यामुळे मालाचे काम जवळजवळ संपते. लामा हे जुने फ्रेंच हेलिकॉप्टर अजून काही ठिकाणी उडते. १९७२ मध्ये त्याने १२,४४२ मीटर उंची गाठली होती आणि उंचावर त्याची पकड आजही वाखाणण्यासारखी. मात्र इंधन जास्त पिते आणि सुटे भाग दुर्मीळ होत चालले आहेत.

वापरलेले बी३ किंवा एच१२५ घेत असाल, तर तासांच्या आकड्यावर जाऊ नका. टॉर्क सायकलींची नोंद मागा, आणि मशीन हुकवर राबलेले असूनही ती लँडिंगच्या संख्येशी तंतोतंत जुळत असेल, तर ओझी लिहिलीच गेलेली नाहीत असे समजा. व्हीईएमडीतल्या मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी स्वतः उघडून पाहा. शेपटीच्या जोडाजवळचे रिव्हेट, हुकच्या बैठकीभोवतीचे पत्रे आणि क्रॉस ट्यूब (स्किडना जोडणाऱ्या आडव्या नळ्या) भिंगाने तपासून घ्या. ताकद तपासणीचे मागच्या वर्षभराचे आकडे विकणाऱ्याकडे नसतील, तर आपल्या वैमानिकाला बसवून, भरल्या वजनाने, उंचावर ती तपासणी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.